दिवा लागतो, आवाज येत नाही

पायाने कळ दाबली की लाल दिवा लागायचा, पुन्हा दाबली की विझायचा. गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये लावून आवाज बदलायला मी घरी बनवलेल्या त्या पेडलचं कर्तृत्व काय ते एवढंच. दिवा विझलेला असताना गिटार नेहमीसारखी वाजायची आणि दिवा लागला रे लागला, की अँप्लिफायर गप्प. साधी खरखरसुद्धा नाही.

पहिला तासभर मी त्या दिव्याच्या भरवशावर राहिलो. दिवा लागतोय म्हणजे वीज पोचतेय, वीज पोचतेय म्हणजे सर्किट चालू असणार, असा माझा हिशोब. खरं तर पेडलमधला दिवा आणि आवाजाचं सर्किट यांची ओळख फक्त बॅटरीपुरती असते. दिव्याला एक रेझिस्टर आणि फूटस्विचच्या, म्हणजे त्या कळीच्या, नऊ पायांपैकी दोन-तीन पाय पुरतात. आतला बोर्ड उपटून खिडकीबाहेर फेकला असता, तरी दिवा तितक्याच इमानाने लागला असता.

हे माझं दुसरं पेडल. पहिलं होतं साधं बूस्टर, म्हणजे सिग्नल नुसता वाढवणारं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने साठच्या दशकाच्या अखेरीस काढलेल्या एलपीबी-१ चा आराखडा समोर ठेवून केलेलं. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर). ट्रान्झिस्टरला कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय असतात. कलेक्टरला १० किलोओहम, एमिटरला ३९० ओहम, एकाला दुसऱ्याने भागलं की सिग्नल साधारण २५ पट वाढणार हे कागदावरच कळतं. ते पहिल्या फटक्यात वाजलं. आज वाटतं, तिथेच घात झाला. चुकलंच नाही, त्यामुळे चूक शोधायची कशी हे शिकायची वेळच आली नाही, आणि आपल्याला हे जमतं असा एक फाजील समज तेवढा पदरात पडला.

दुसऱ्या वेळेला फझ करायचं ठरवलं. फझ हा आवाज मुळात बिघाडातून आलेला. अमेरिकी गायक मार्टी रॉबिन्सच्या, १९६१ साली गाजलेल्या एका गाण्याचं नॅशव्हिलमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बास फाटक्या, घरघरत्या आवाजात ऐकू आला. तो आवाज तसाच ठेवला गेला. पुढे ग्लेन स्नॉडी या ध्वनिअभियंत्याने तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवून आणला आणि १९६२ मध्ये तो मेस्ट्रो फझ-टोन या नावाने विकायला आला. फझ फेस हे आर्बिटरचं गोल डब्यातलं पेडल त्यानंतरचं, १९६६ चं. मी निवडलं ते हेच, पण सिलिकॉन ट्रान्झिस्टरांचं. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट, असे सगळे मिळून अकरा भाग. अकरा भागांत बिघडून बिघडून किती बिघडणार? शिवाय मी शोधत होतो तो बिघाडातला बिघाड, हे तेव्हा सुचलं असतं तर निदान हसू तरी आलं असतं.

पुढचे चार दिवस मी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणवत नाही. आधी दोन्ही ट्रान्झिस्टर बदलले. मग वाटलं कपॅसिटर खराब असेल, तो बदलला. मग सगळे जोड पुन्हा तापवले. एका जागी चार वेळा सोल्डर काढून घातल्यावर बोर्डाची तांब्याची पट्टी सालीसारखी उचकटून आली, तिच्यावर वायरचा तुकडा टाकून ठिगळ लावलं. एका वेळी तीन-तीन गोष्टी बदलायच्या आणि मग गिटार लावून बघायची. वाजलं असतं तरी कशामुळे वाजलं हे मला सांगता आलं नसतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत.

ओळखीत एक काका आहेत, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले. त्यांना गिटारीत काडीचा रस नाही. बोर्ड त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "काका, सगळं बदलून बघितलं, तरी वाजत नाही."

त्यांनी बोर्ड उलटा करून पाहिला, माझ्या ठिगळावर नजर गेली, पण त्याबद्दल काही बोलले नाहीत. "मीटर आहे ना रे तुझ्याकडे?"

"आहे की."

"मग एवढं बदललंस ते कुठला आकडा बघून?"

मी गप्प. मीटर मी बॅटरी तपासायला वापरला होता, बस.

"हे बघ," काका म्हणाले, "नळाला पाणी येत नसलं तर आपण आधी तोटी बदलतो का? कुठवर आलंय ते बघतो. सिग्नल कुठवर येतोय ते आधी बघ. जिथे येतोय आणि जिथे येत नाही, त्या दोहोंच्या मध्येच पाणी मुरतंय."

मग त्यांनी मला ऐकण्याची सुई करायला लावली. गिटारची एक जुनी केबल घ्यायची आणि एक टोक कापायचं. आतल्या वायरला ०.१ मायक्रोफॅरडचा, म्हणजे ज्यावर १०४ लिहिलेलं असतं तो, कपॅसिटर जोडायचा आणि कपॅसिटरच्या दुसऱ्या पायाला टोकदार सुई. बाहेरच्या जाळीला एक चिमटा, तो सर्किटच्या ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या सामाईक वायरला, लावायचा. केबलचं दुसरं टोक अँप्लिफायरमध्ये. कपॅसिटर बॅटरीचे व्होल्ट अडवतो आणि आवाज तेवढा पुढे जाऊ देतो. आता सुई सर्किटमध्ये जिथे टेकवाल तिथे काय वाजतंय ते ऐकू येतं. अँप्लिफायरचा आवाज मात्र अगदी कमी ठेवा. सुई चुकून नको तिथे लागली की असा काही ठोका बसतो की खुर्चीतून उडायला होतं. (हे सगळं नऊ व्होल्टच्या पेडलपुरतं. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये अशी सुई घेऊन उतरू नका. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून बसतात.)

गिटार वाजवायला एक हात आणि सुई धरायला एक हात, असं नीट जमत नाही. म्हणून फोनवर एक गाणं फिरत ठेवलं आणि ते पेडलच्या इनपुटला दिलं. मग सुरुवातीपासून सुई टेकवत गेलो. इनपुट जॅकच्या टिपवर, म्हणजे सिग्नल येतो त्या पत्तीवर, गाणं होतं. फूटस्विचच्या मधल्या पायावर होतं. बोर्डावर जिथे वायर येते तिथे, आणि २.२ मायक्रोफॅरडच्या पहिल्या कपॅसिटरच्या अलीकडच्या पायावरही होतं. पलीकडच्या पायावर काहीच नाही.

चार दिवस मी ज्याच्यामागे धावत होतो ते दोन पायांच्या मध्ये सापडलं होतं, दहा मिनिटांत. माझी पहिली प्रतिक्रिया अर्थातच चुकीची: कपॅसिटर गेला! काकांनी हात धरला. "आता व्होल्ट बघ." मीटर २० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवला, काळी पिन ग्राउंडला, लाल पिन पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला. सिलिकॉन ट्रान्झिस्टर काम करत असला तर तिथे ०.६ च्या आसपास काहीतरी दिसायला हवं. मीटर दाखवत होता ०.००. इतका स्वच्छ शून्य आपोआप येत नाही, तिथे कोणीतरी ग्राउंडला चिकटलेलं असतं. बॅटरी काढून मीटर पीं करणाऱ्या खुणेवर नेला (दोन टोकं एकमेकांना जोडलेली असली की तो वाजतो) आणि बेस व ग्राउंडला टेकवला. पीं.

पट्ट्यांच्या बोर्डात एकाच पट्टीचे दोन भाग वेगळे हवे असतील तर मधलं भोक ड्रिलच्या टोकाने खरवडून तांबं तोडावं लागतं. मी तोडलं होतं. पण भोकाच्या कडेला तांब्याचा केसाएवढा धागा राहिला होता, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. भिंग लावून, बोर्ड दिव्यासमोर धरून पाहिलं तेव्हा चमकला. ब्लेडने खरवडला. तेव्हापासून पट्टी तोडली की आधी पीं करून बघतो आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांमधून एकदा ब्लेडचं टोक फिरवतो. सोल्डरचा एखादा कण दोन पट्ट्यांमध्ये बसला असेल तर तोही निघतो.

आवाज आला. पण कसा? दूरच्या खोलीत कोणीतरी डास मारायच्या बॅटवर गिटार वाजवतंय असा. कमजोर, कोरडा, तार छेडल्यावर लगेच मरणारा. एक बिघाड दूर केला की त्याच्या मागे दुसरा उभा असतो, आणि पहिला असेपर्यंत दुसऱ्याचं तोंड दिसत नाही. मी चार दिवसांत ट्रान्झिस्टर बदलले होते, ते या दुसऱ्या बिघाडासाठी थोडे तरी कामाचे ठरले असते. पण बदलतानाही बसवण्यातली पहिलीच चूक पुन्हा केली होती, ती पुढे येतेच.

या वेळी आधी आकडे लिहून काढले. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरवर १.१ व्होल्ट, कलेक्टरवर १.२. कलेक्टर खरं तर पुरवठ्याच्या निम्म्यावर, म्हणजे ४.५ च्या जवळपास हवा, म्हणजे लाटेला वर जायलाही जागा आणि खाली यायलाही. इथे तो एमिटरला चिकटून बसला होता. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा पडलेला, हलायला जागाच नाही.

घोडं पेंड खात होतं ते पायांपाशी. आराखडा बीसी मालिकेच्या ट्रान्झिस्टरांसाठी काढलेला होता. बीसी५४७ ची चपटी बाजू आपल्याकडे केली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. माझ्याकडे होते २एन३९०४. तसाच काळा, अर्धगोल, तेवढाच छोटा, पण पायांचा क्रम उलटा: एमिटर, बेस, कलेक्टर. मी दोन्ही ट्रान्झिस्टर चित्राप्रमाणे चपटी बाजू जुळवून बसवले होते, म्हणजे कलेक्टर आणि एमिटर अदलाबदल झालेले. गंमत अशी की उलटा बसवलेला ट्रान्झिस्टर पूर्ण मेलेला नसतो, तो थोडंथोडं काम करतो. मीटरच्या ट्रान्झिस्टर तपासायच्या खोबणीत सरळ घातला तर आकडा दोनशेच्या वर आणि उलटा घातला तर एकच अंकी. अजिबात वाजला नसता तर संशय लवकर आला असता. हा आपला रडतखडत का होईना, वाजत होता.

दोन्ही काढून फिरवून बसवले. पहिल्या तारेलाच खोली भरली.

मी नाचलो वगैरे नाही, कारण अजून काहीतरी खटकत होतं. आवाज मोठा होता, पण सूर विरताना शेवटी थुंकल्यासारखा तुटायचा. पुन्हा आकडे: पहिल्याचा बेस ०.६, कलेक्टर १.३, दुसऱ्याचा एमिटर ०.७, कलेक्टर २.९. हा २.९ बरोबर दिसत नव्हता, पण चूक माझी नव्हती. त्या आराखड्यात कलेक्टरला ८.२ किलोओहम आहेत. एमिटरच्या १ किलोओहमच्या पॉटवर ०.७ व्होल्ट पडतात, म्हणजे प्रवाह ०.७ मिलिअँपियर. तेवढाच प्रवाह ८.२ किलोओहम आणि त्याच्या डोक्यावरच्या ४७० ओहममधून गेला की सहा व्होल्ट तिथेच संपतात. उरतात तीन. म्हणजे सर्किट अगदी हिशोबाप्रमाणे वागत होतं, फक्त हिशोब मला नको होता. ८.२ किलोओहम काढून तिथे १० किलोओहमचा ट्रिमर, म्हणजे छोटा पॉट, घातला, कलेक्टरवर मीटर लावून स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवला. सहा किलोओहमच्या आसपास ४.५ आले. सुराचं शेपूट लांब झालं. खरं सांगायचं तर नंतर मी तो ४.२ वर आणून ठेवला, का ते विचारू नका, कानाला बरं वाटलं. साडेचार हा आकडा सुरुवात करायला चांगला, त्याची पूजा करायची गरज नाही.

ट्रिमर फिरवताना आणखी एक गोष्ट हिशोबात लक्षात आली. अख्खं फझ मिळून एक मिलिअँपियरसुद्धा खात नाही. तो लाल दिवा, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावूनही, दीड खातो. बॅटरी संपवणारा तो आणि मला चार दिवस फसवणाराही तोच.

मग डबा. ॲल्युमिनियमचा, १५९०बी मापाचा, म्हणजे साधारण ११२ बाय ६० मिलिमीटर. टेबलावर उघड्यावर उत्तम वाजणारं पेडल डब्यात बसवलं, स्क्रू आवळले, कळ दाबली. शांतता. पण या वेळी एक फरक होता: दिवा विझलेला असतानाही शांतताच. आधीच्या मला हे दुप्पट वाईट वाटलं असतं. आता बरं वाटलं. बायपासमध्ये, म्हणजे दिवा विझलेला असताना, बोर्डाचा काही संबंध नसतो, तेव्हा पेडल चालू आणि बंद दोन्ही वेळा आवाज नसेल तर बिघाड दोघांच्या सामाईक वाटेवर असणार, म्हणजे जॅक किंवा स्विच. बोर्डाकडे बघायचीही गरज नव्हती.

जॅकमध्ये पिन घातली की टिपची पत्ती बाहेर फाकते. माझा इनपुट जॅक आवळताना थोडा फिरला होता आणि फाकलेली पत्ती थेट डब्याच्या भिंतीला टेकत होती. डबा ग्राउंडला जोडलेला, म्हणजे गिटारचा आवाज दारातच मातीत जात होता. पिन काढून तपासलं की सगळं ठीक, कारण पत्ती परत आत यायची. जॅक फिरवला, भिंतीला आतून चिकटपट्टी लावली, पॉटच्या पाठीवरही लावली, कारण तीसुद्धा बोर्डाच्या मागे घासायला टपलेली होती.

फूटस्विचबद्दल थोडंच. त्याच्या नऊ पायांना सोल्डर करताना दोन-तीन सेकंदांच्या वर आयर्न धरू नका. आतलं प्लॅस्टिक मऊ होतं आणि पाय वाकडा बसतो, मग ती कळ कधी लागते कधी नाही. मी एक असा जाळला आहे.

बॅटरीऐवजी ॲडॉप्टर लावल्यावर घुं सुरू झाली. फझमध्ये पुरवठ्यातली घाण अडवायची काही सोयच नाही, ती सरळ आवाजात येते. पुरवठ्याच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. या जोडीची सीमा १६ हर्ट्झच्या आसपास येते, घुं बरीच वर असते. सगळी नाही गेली, पण तार छेडेपर्यंत लक्षात येत नाही इतकी कमी झाली.

त्यानंतरचं पेडल ट्यूब स्क्रीमर या नावाच्या पेडलच्या जातीचं, ४५५८ या आठ पायांच्या आयसीवर बेतलेलं. तेही पहिल्यांदा वाजलं नाही. पण या वेळी गिटार हातातही घेतली नाही. आयसीच्या आठव्या पायावर ९ व्होल्ट आले होते, चौथा ग्राउंड, बाकीच्यांवर निम्मे हवेत. तिथे १ व्होल्टही नव्हता. निम्मे व्होल्ट १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांतून तयार होतात, तिथे मोजले तर ०.८. नऊ व्होल्टचे ०.८ कधी होतात? वरचा रेझिस्टर खालच्याच्या दहापट असला तर. काढून मोजला, तर १०० किलोओहम. पाच पट्ट्यांच्या निळ्या रेझिस्टरवर १० किलोओहमची चौथी पट्टी लाल, १०० किलोओहमची नारिंगी, आणि पिवळ्या दिव्याखाली मला दोन्ही सारखेच दिसतात. आता प्रत्येक रेझिस्टर मोजल्याशिवाय बोर्डात जात नाही. काकांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "किती वेळ लागला?" म्हटलं, पंधरा मिनिटं. "हं," एवढंच म्हणाले.

आता हाताशी जर्मेनियमचं फझ आहे. पीएनपी, म्हणजे उलट्या ध्रुवांचे ट्रान्झिस्टर, त्यामुळे ग्राउंडला बॅटरीचं धन टोक. हे बाकीच्या पेडलांबरोबर एकाच ॲडॉप्टरवर लावलं तर केबलच्या जाळीतून सरळ शॉर्ट होतं. मी लावून बघितलं आहे, ॲडॉप्टर वाचला. त्याला स्वतंत्र बॅटरी. आणि जर्मेनियम गरम झालं की गळायला लागतं, म्हणजे त्यातून नको तेवढा प्रवाह झिरपतो. रात्री बसवलेला आकडा दुसऱ्या दिवशी दुपारी जागेवर नव्हता आणि आवाज पुन्हा तुटका.

प्रत्येक पेडलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी आता चिकटपट्टीवर व्होल्ट लिहून ठेवतो. सिलिकॉनच्या फझच्या झाकणात ०.६, १.३, ०.७, ४.२ असे चार आकडे आहेत. जर्मेनियमच्या झाकणात शेवटच्या आकड्याच्या जागी दोन आहेत. रात्री उणे ४.५, दुपारी उणे ६. ट्रिमर मी डब्याला भोक पाडून बाहेरून फिरवता येईल असा ठेवला आहे, आणि स्क्रूड्रायव्हर गिटारच्या बॅगेत.